शेवटचा स्क्रू अर्धा फेरा ढिला

"चार इंची होते का पाच इंची?"

देवरावभाऊ माझ्या दुकानात आले की पहिला प्रश्न हाच असायचा. कसा आहेस नाही, पोरंबाळं बरी का नाही. मी म्हणायचो, "चार इंची." ते मान हलवायचे, समोरचा चहा दोन घोट प्यायचे, उभ्याउभ्याच, आणि निघायचे. पायरी उतरली की पुन्हा मागे वळायचे.

"नक्की चार?"

जूनपासून हे चाललं होतं. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. खरं सांगतो, मला राग यायचा. गिऱ्हाईक समोर असलं की जास्तच यायचा. आणि ते निघून गेले की स्वतःवर यायचा, कारण ते खिळे मीच दिले होते.

लकडगंजात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, स्क्रू, कब्जे, कड्या, कुलपं. आमचे आजोबा माग चालवायचे, वडिलांनी माग मोडीत काढून हे दुकान टाकलं, आणि मला खिळ्यांखेरीज दुसरं काही येत नाही. माझ्या भिंतीला भिंत लावून देवराव शमुवेल यांचा कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं. पत्र्याचं छप्पर, दोन बाकं, एक रंधा मशीन. आजूबाजूचे सुतार दारं, पलंग, दिवाण करतात. देवरावभाऊ शवपेट्या करायचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील करायचे. नागपूरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतली निम्मी माणसं या बापलेकांच्याच पेट्यांतून गेली, असं त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणायचे.

मी लहानपणापासून शेजारी, त्यामुळे मला त्या पेट्यांची भीती वाटत नाही. सुटीत त्यांच्यामागे लपाछपी खेळलेला माणूस आहे मी.

या पेट्यांची एक खूण होती. दुसरीकडच्या पेटीचं झाकण खिळे मारून बंद करतात. देवरावभाऊ खिळा वापरायचे नाहीत. झाकणाला सहा स्क्रू, आणि त्यातला शेवटचा, उशाकडचा, उजव्या बाजूचा, अर्धा फेरा ढिला. हे बापाचं शिकवणं. घरच्यांनी शेवटचं तोंड पाहिलं, प्रार्थना झाली, की देवरावभाऊ पेचकस घेऊन पुढे व्हायचे. पाच स्क्रू गच्च. सहावा फिरवत आणायचे आणि थांबायचे. मग मेलेल्या माणसाच्या सगळ्यांत जवळचं जे असेल, बायको, आई, पोरगी, तिच्याकडे पाहून हळूच सांगायचे, "हा ढिला ठेवला बरं. उघडायची आहे."

एवढंच. पुनरुत्थानावर, शेवटच्या दिवशी मेलेले कबरेतून उठतात त्यावर, प्रवचन नाही, काही नाही. पण मी दोन-तीनदा अशा ठिकाणी उभा होतो आणि पाहिलंय, त्या एका वाक्यानं माणूस सावरतो. रडणं थांबत नाही, पण पाय जमिनीवर येतात. माझे वडील गेले तेव्हा आमच्याकडे पेटी नव्हती, घाट होता. तरी देवरावभाऊ तेरा दिवस रोज सकाळी येऊन माझ्या ओट्यावर बसले. बसण्यात त्या माणसाचा हात कोणी धरला नसता. तासन्‌तास बसायचे, शांत.

तोच माणूस मे महिन्यानंतर कुठेच बसेना.

सौरव त्यांचा एकुलता एक. सव्वीस वर्षांचा. कुरिअरचं काम करायचा. मेमध्ये पारा सेहेचाळीसवर होता आणि याला बेसा भागातल्या नव्या नव्या स्कीमा, म्हणजे नव्यानं पडलेल्या वसाहती, वाटून दिल्या होत्या. तिथं रस्त्याला झाड नाही आणि घराला नंबर नाही. दुपारी एका अर्धवट इमारतीच्या जिन्याखाली सावलीला बसलेला सापडला. मांडीवर कोणाचं तरी पार्सल. शर्टाच्या खिशात आईनं सकाळी ठेवलेला कांदा. आमच्याकडे ऊन लागू नये म्हणून ठेवतात तो. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

पेटी देवरावभाऊंनीच केली. कोणाला हात लावू दिला नाही. मी दुकानात बसून रंध्याचा आवाज ऐकत होतो. मग ते आले. मी न विचारताच स्क्रूचा डबा काढला.

"खिळे दे," ते म्हणाले. "मोठे."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. हेच माझं चुकलं. तोलून दिले, कागदात बांधून दिले.

घरी सगळी मंडळी जमली होती. प्रार्थना झाली. सौरवची आई, देवकीवहिनी, पेटीच्या पायाशी बसल्या होत्या. पाळकसाहेबांनी देवरावभाऊंच्या हातात हातोडी पाहिली आणि त्यांचं मनगट धरलं. देवरावभाऊंनी हात झटकला. चौदा खिळे मारले. मी मोजले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. प्रत्येक ठोक्याला देवकीवहिनी दचकत होत्या. शेवटचा खिळा बुडाला तसे देवरावभाऊ वर छताकडे पाहून म्हणाले, "आता उघड म्हणा त्याले."

त्या दिवसापासून कारखान्याला कुलूप. चर्च बंद. देवकीवहिनी एकट्याच उपासनेला जायच्या. देवरावभाऊ चालायचे. लकडगंजातून निघायचे ते कळमन्याच्या मार्केटपर्यंत, धान्याच्या गाड्यांमधून वाट काढत, आणि परत. मग पुन्हा. घामानं निथळत दुकानात शिरायचे आणि विचारायचे, चार इंची होते का पाच इंची.

"मुकुंदभाऊ, हे जेवतेही उभ्यानं," देवकीवहिनी एकदा मला म्हणाल्या. "ताट हातात घेऊन घरातल्या घरात फिरत राहते. मी काय करू?"

मला काय सुचणार? माझंही बूड टेकेनासं झालं होतं. त्यांची चाहूल लागली की मी उगाच उठून डबे सारखे करायचो.

शेवटी ऑगस्टमधल्या एका दिवशी माझा तोल गेला. गिऱ्हाईक होतं, पाऊस होता, लाइट गेलेली. मी ओरडलो, "काय फरक पडते हो चार न् पाचनं?"

"पडते," देवरावभाऊ शांतपणे म्हणाले. "इंचभर झाकणाची फळी. चार इंची असन त खाली तीन इंच धरलं. पाच असन त चार इंच." मग म्हणाले, "आणि खिळा गंजला का अधिक धरते, मुकुंदा. मी सुतार आहे, मले माहीत आहे. माह्या पोट्ट्याच्यानं आतून निघणार नाही."

मी गिऱ्हाईकाचे स्क्रू पुन्हा मोजायला घेतले.

मग कळलं की ते पाळकसाहेबांकडेही जाऊन आले होते. कबर उघडा, म्हणाले, मी खिळे काढतो, स्क्रू लावतो, अर्ध्या तासाचं काम आहे. पाळकसाहेब भला माणूस. त्यांनी समजावलं, की देवराव, कबरेच्या तोंडाचा दगड ज्यानं लोटला त्याला तुझे खिळे अडवणार आहेत का? इतक्या वर्षांचा तू विश्वासणारा माणूस, हे तुला मी सांगायचं? देवरावभाऊंनी ऐकून घेतलं. मला सांगताना म्हणाले, "ते बरोबर बोलून राहिले. मले समजते. पण या हाताले कसं समजवू? ठोकलं त यानं ना." आणि उजवा हात असा पुढे धरला, जसा काही तो दुसऱ्या कोणाचा आहे.

ऑक्टोबरात, ऊन पुन्हा तापायला लागलं तेव्हा, एक ई-रिक्षा आमच्या दारात थांबली. तीतून मैनाबाई उतरल्या. उतरायलाच पाच मिनिटं लागली. ऐंशीच्या पुढचं वय, सुजलेले पाय, हातात काठी. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी चाळीस वर्षं आयाचं काम केलेलं. बाई अनाथाश्रमात वाढलेली, लग्न नाही, नातं नाही. मंडळी त्यांना मावशी म्हणते. पोटात गाठ आहे आणि डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितलेत, हे त्यांनी आल्या आल्या मलाच सांगितलं, मी न विचारता.

देवरावभाऊ नेमके कळमन्याहून परतत होते.

"सलाम देवराव," मावशी म्हणाल्या. "कुलूप काढ. माप घे माहं."

"मी पेट्या करत नाही आता."

"बाकीच्यांच्या नको करू. माही कर."

"दुसरीकडे भेटते मावशी. तयार भेटते."

"तयार पेटीत खिळे असते. मले स्क्रूवाली पाहिजे. शेवटला ढिला."

देवरावभाऊंचा चेहरा असा झाला की मी काउंटरमागून बाहेर आलो. "मी खिळेच मारले, मावशी," ते ओरडले. "माह्या पोट्ट्याले चौदा खिळे मारले! तू दवाखान्यात होती तवा, तुले माहीत नाही. माह्यापाशी कायले आली?"

"माहीत आहे मले," मावशीही ओरडल्या. आवाज कुठून काढला कोण जाणे. "देवकीनं सांगितलं. सांगितलं म्हणूनच आली. आता कुलूप काढतं का इथंच रस्त्यात बसू?"

आणि बसल्या. माझ्या पायरीवर, काठी आडवी टाकून. येणारे-जाणारे पाहायला लागले. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. देवरावभाऊ इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेवटी शिव्या देत कुलूप काढलं, आणि ख्रिस्ती माणसाच्या तोंडी न शोभणाऱ्या शिव्या होत्या त्या. मावशी आत गेल्या आणि सरळ बाकावर आडव्या झाल्या. "घे माप," म्हणाल्या. "लवकर घे, पाठ दुखते."

त्यानंतर एक दिवसाआड ई-रिक्षा यायची. पेटी पूर्ण करायला चार दिवस लागले असते, पण मावशी दर खेपेला खोड काढायच्या. इथं फळी खरखरीत आहे. उशाकडे उंची कमी पडते. हे अस्तर नको, घसरतं. मला आधी वाटलं, म्हातारीला वेड लागलं. नंतर लक्षात आलं, ती पेटी संपू देत नव्हती. आणि हेही लक्षात आलं, की तिची भीती संपत नव्हती.

कारण एकदा मी चहा घेऊन गेलो तर मावशी पेटीच्या काठाला धरून थरथरत उभ्या होत्या. लहानपणी आश्रमातल्या एका बाईनं त्यांना काहीतरी फोडलं म्हणून कोठीत कोंडलं होतं आणि विसरून गेली होती. दुसऱ्या दिवशी दार उघडलं. पंच्याहत्तर वर्षं झाली, पण मावशी अजून दार लावून झोपत नव्हत्या.

"किती माणसं मी शेवटची पुसली, देवराव," त्या म्हणत होत्या. "त्यांचे डोळे मिटले, केस विंचरले. सांगायची, भेव नको, प्रभू आहे. आता माह्यी पाळी आली त मले भेव वाटून राहिलं. झाकण लावतीन. आणि त्या दिवशी सारे उठतीन, ज्याचा त्याले बाप भेटन, माय भेटन. मले कोण आहे? मी उठून जाऊ कोणाकडे?"

देवरावभाऊ रंधा हातात धरून उभे होते. जून ते ऑक्टोबर त्यांनी कोणाला धीर दिला नव्हता, त्यांच्याकडे शिल्लकच नव्हता. मी चहा ठेवून निघालो.

दोन दिवसांनी मावशी आल्या त्या काहीतरी ठरवूनच.

"तुह्या पोट्ट्याची कबर कुठं आहे?"

"कायले?"

"माह्यी कुठं होईन? पुढची रिकामी जागा कोणती? पाहून ये. त्याच्यापासून किती लांब ते पाहून ये."

मेनंतर देवरावभाऊ कब्रस्तानात गेले नव्हते. सगळीकडे चालले, पण तिकडे वळले नाहीत. मावशीपुढे त्यांचं चाललं नाही. मला म्हणाले, "चाल ना गा." मी शटर ओढलं आणि गेलो. तिथल्या माणसानं पुढच्या ओळीतली रिकामी जागा दाखवली. देवरावभाऊ सौरवच्या कबरेपाशी गेले, तिच्याकडे न पाहता पाठ फिरवली आणि पावलं टाकत आले. अकरा.

मावशींनी ऐकलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. आता असं कर. खिळे उपटायची पक्कड राहते ना तुमची? ती माह्या पेटीत ठेवजो. उजव्या हाताशी. शेवटला स्क्रू ढिला राहीन, मी उठीन. आणि जाऊन त्याचे खिळे काढीन."

देवरावभाऊ तिच्याकडे बघतच राहिले.

"चौदा आहेत ना? काढीन. टाके काढले मी दवाखान्यात, खिळे काय." मग एकदम चेहरा पाडून म्हणाल्या, "पण अकरा पावलं लय झाले रे. माह्याच्यानं मोरीपर्यंत जावत नाही. हे गुडघे..."

"त्या दिवशी हे गुडघे राहतीन का मावशी?" देवरावभाऊ वैतागून म्हणाले. "सारं नवं भेटन. पळत जाशीन."

बोलून गेले आणि थांबले. स्वतःचे शब्द त्यांनाच ऐकू आल्यासारखे झाले. मग मावशी हळूच हसल्या.

"मंग त त्याले खिळेही काही करणार नाहीत," त्या म्हणाल्या. "पण पक्कड ठेव. मले काम असलं म्हणजे भेव वाटत नाही. जन्मभर तसंच झालं."

देवरावभाऊ खाली वाकले, भुसा गोळा करायला लागले, आणि बराच वेळ वाकूनच राहिले. मी बाहेर येऊन माझ्या काउंटरवर रडलो. बायकोनं विचारलं तर म्हणालो, भुसा गेला डोळ्यात.

पेटी त्याच आठवड्यात पूर्ण झाली. तरी मावशी येत राहिल्या, आता देवकीवहिनीही यायच्या. तिघं मिळून प्रार्थना करायचे. गाणं म्हणायचे, बेसूर. देवरावभाऊ त्यातही दाराशी उभे असायचे, एक पाय आत, एक बाहेर. चालणं सुटलं नव्हतं, प्रश्नही सुटला नव्हता. दोनाच्या जागी एकदा विचारायचे, एवढंच. मी म्हणायचो, "चार इंची, भाऊ." कोणी म्हणेल, मग काय बदललं? मलाही तेव्हा तसंच वाटायचं आणि चिडचिड व्हायची. माणूस असा भिंतीवरच्या रंगासारखा बदलत नाही, हे मला आता कळतं.

मैनामावशी जानेवारीत गेल्या, संक्रांतीच्या आदल्या सकाळी. दोन-तीन महिने म्हणाले होते, त्यांनी तीन पुरे घेतले. देवकीवहिनी जवळ होत्या. दार उघडंच होतं.

पक्कड मी दिली. देवरावभाऊंची जुनी होती, पण ती मी नेऊ दिली नाही. दुकानातली सगळ्यांत चांगली काढली, तेल लावलं, सांधा दहा वेळा उघडून मिटून पाहिला, मेणकागदात गुंडाळली. ते खिळे माझ्या हातून गेले होते. काढायचं हत्यारही माझ्याच हातून जायला हवं होतं.

मंडळी भरपूर आली. ज्या बाईला कोणी नाही म्हणत होते तिच्यासाठी चर्चमध्ये बसायला जागा उरली नाही. तिनं ज्यांची माणसं शेवटची पुसली होती ती सगळी आली असावीत. झाकण लावायच्या आधी देवरावभाऊंनी मेणकागद उलगडून पक्कड तिच्या उजव्या हाताशी ठेवली. पाळकसाहेब पुढे झुकले. "हे काय देवराव?"

"तिले काम आहे तिथं," देवरावभाऊ म्हणाले. पाळकसाहेबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मागे सरले.

पाच स्क्रू गच्च. सहावा फिरवत आणला आणि हात थांबला. सवयीनं त्यांनी मान वर केली, मेलेल्या माणसाच्या सगळ्यांत जवळचं कोण आहे ते शोधायला. बाप नाही, माय नाही, लेक नाही. कोणाला सांगणार? त्यांची नजर सगळ्यांवरून फिरली आणि परत पेटीवर आली.

"हा ढिला ठेवला," ते स्वतःलाच म्हणाले. "उघडायची आहे."

कब्रस्तानात माती लोटून झाली, फुलं टाकून झाली, लोक पांगायला लागले. मी देवकीवहिनींसोबत फाटकाकडे निघालो होतो. मागे वळून पाहिलं तर देवरावभाऊ मावशीच्या ओल्या मातीपाशी उभे, हात वर करून दिशा दाखवत होते, रस्ता विचारणाऱ्याला दाखवतात तशी.

"मावशी, उठली का उजव्या हाताले जाजो," ते सांगत होते. "अकरा पावलं. सौरव नाव आहे, पाटीवर लिहिलं आहे. विसरजो नको."

मग ते स्वतः ती अकरा पावलं चालत गेले. सौरवच्या कबरेपाशी पोहोचले. मी वाट पाहत होतो की आता वळतील, आता येरझारा घालतील. ते वळले नाहीत. दोन्ही हात टेकून, गुडघे मोडून, जानेवारीच्या गार मातीवर ते बसले. देवकीवहिनी त्यांच्याकडे परत गेल्या आणि शेजारी बसल्या. मी फाटकापाशी थांबलो, कारण दुकान उघडायची मला काही घाई नव्हती.